झाकणांच्या खोक्यावरची ओळ

सानिका, यश,

स्वारगेटहून साताऱ्याकडे जाणारी साधी एसटी सकाळी सातला सुटते, म्हणजे सव्वासातला सुटते. मी साडेसहालाच फलाटावर हजर होते. पिशवीत पाणी, वाचायचा चष्मा, मोजपट्टी आणि टॉवेलात गुंडाळलेली एक उंच, निमुळती काचेची बाटली. ही बाटली मी आठवडाभर पुण्यातली दुकाने पालथी घालून निवडली होती. ती सारोळ्याला कशासाठी चालली होती, ते आधी सांगते.

तुमची शेवंताआजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. वेल्ह्याच्या अलीकडे आपल्या गावच्या घरी ती आणि तुमचे धाकटे आजोबा राहतात. गावातल्या सहा बायकांना घेऊन तिने बचत गट काढला आहे आणि कच्च्या करवंदांचे लोणचे विकते. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर सानिका त्या लोणच्याच्या बरणीत बोट घालून शेवटचे करवंद काढत होती. ‘आजी, शेवंताआजीला सांग ना, अजून पाठव म्हणावं!’ तिच्या मागच्या फळीवर माझे लिंबाचे लोणचे दिसत होते. त्याचे सीलसुद्धा फोडलेले नव्हते. मी ‘सांगते हं’ म्हणाले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वच्छ असलेला ओटा पुसत राहिले. दुसऱ्याचे आपल्याकडे नाही याचे दुःख आणि आपले दुसऱ्याकडे जाईल याची भीती, या दोन्हींना इंग्रजीत वेगळे शब्द आहेत. तो फरक मी शाळेत तीस वर्षे मुलींना शिकवला. त्या दुपारी मला दोन्ही एकदम झाले.

त्यातच शेवंताचा फोन आला. पुण्यातल्या एका दुकानाने गटाला पहिल्यांदाच मोठी मागणी दिली होती. सहाशे बरण्या, त्याही काचेच्याच. माल टिकला तर दर वर्षी घेऊ, एक जरी बरणी खराब निघाली तर पुन्हा येऊ नका, असे दुकानदाराने स्पष्ट सांगितले होते. गटाची सगळी शिल्लक या बरण्यांत जाणार होती.

‘सारोळ्याला बाटल्यांचं गोदाम हाय, ताई,’ शेवंता म्हणाली. ‘तुमाला इंग्रजी येतंय. तुमी बी या. कागदपत्रावर काय लिव्हलेलं असतंय, आमाला काय कळतंय?’

तिने मला इंग्रजीसाठी बोलावले होते. मी निघाले होते ते तिला माझी बाटली घ्यायला लावायला.

कात्रजचा बोगदा मागे पडला आणि वारा गरम झाला. शिवापूर, चेलाडी फाटा, कापूरहोळ. फाटा म्हणजे मुख्य रस्त्यावरून आत गावांकडे फुटणारा रस्ता. चेलाडीला वेल्ह्याचा फुटतो, कापूरहोळला भोरचा. डोंगर उन्हाने तपकिरी झाले होते, फक्त विहिरींच्या कडेला उसाचे हिरवे तुकडे. किकवीला माझ्याशेजारी भोंगवलीच्या एक बाई येऊन बसल्या.

‘कुठं निघालायसा?’

‘सारोळ्याला. बाटल्या घ्यायच्या आहेत.’

त्यांनी मला पायापासून केसांपर्यंत पाहिले. ‘ह्या वयात?’

‘लोणच्याच्या हो!’

‘मंग आसं आदी म्हना की,’ त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून सारोळ्यापर्यंत हसत राहिल्या.

सारोळे नीरा नदीवर आहे. पूल ओलांडला की सातारा जिल्हा. गोदाम महामार्गाला लागूनच, पत्र्याचे, आत भट्टीसारखे तापलेले. छपरापर्यंत काच रचलेली आणि मधून एकच माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. शेवंता माझ्याआधी येऊन बसली होती, उलट्या क्रेटवर, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन. गोदामवाल्या शेठचा चहा पिऊन झाला होता आणि शेठच्या मुलीच्या परीक्षेची चौकशीही झाली होती. मी तीस वर्षे ज्या दुकानात जाते तिथल्या माणसाचे नाव मला माहीत नाही. हिला दोन भेटींत शेठचे अख्खे घर माहीत झाले होते. दारात भोरच्या मुनीरभाईंचा टेम्पो उभा होता. मुनीरभाई साठीचे आहेत, गटाचा माल नेहमी तेच नेतात.

मी टॉवेल सोडला आणि माझी बाटली टेबलावर ठेवली. खरेच देखणी होती. शेठसुद्धा म्हणाले, ‘काकूंची नजर भारी आहे. असा माल आहे माझ्याकडं.’

‘अडीचशे मिलिलिटर,’ मी सांगितले. ‘लेबलला उंच जागा मिळते. दुकानात उठून दिसेल.’

शेवंताने बाटली हातात घेऊन सगळीकडून पाहिली. मग डबा उघडला. त्यात लोणचे होते. एकेक करवंद तिने बाटलीच्या तोंडातून आत सोडले. तिसरे गळ्यातच अडकले. तिने चमचा घातला, तो आत गेला नाही. तेल बाहेरून ओघळले आणि शेठच्या बिलबुकावर पडले.

‘ताई, बाटली लई गोड हाय,’ ती म्हणाली. ‘पन खानाऱ्यानं खायाचं कसं? उलटी करून आपटायची?’

‘अत्तराला बरी आहे काकू,’ मुनीरभाई दारातून म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले, कारण न हसणे जास्त वाईट दिसले असते.

‘आन् वर बोटभर त्याल ऱ्हायला पायजे,’ शेवंता बोट आडवे धरून म्हणाली, ‘न्हाईतर बुरशी. बोटभर त्याल सोडलं तर ह्यात लोनचं बसनार किती? बाटलीवाला पानी मोजतोय, ताई. आपन लोनचं इकतोय.’

यश, तू तिकडे व्यापाराचे शिकतो आहेस म्हणून पुढचे नीट लिहिते. शेवंताने बरणी कशी निवडली होती पाहा. मागणी येताच तिने शेठकडून चार प्रकारच्या बरण्या नमुन्याला नेल्या. लोणचे भरले, झाकण लावले, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून उलट्या ठेवल्या. मग गावातल्या मुक्कामी एसटीच्या कंडक्टरला दिल्या. तो रोज सकाळी त्या सीटखाली टाकून न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. चार दिवसांनी कागद उघडले. जिच्या कागदावर तेलाचा एकही डाग नाही, ती बरणी पास. चारांतली एकच पास झाली, बसकी आणि रुंद तोंडाची.

‘हिनं चार दिस येसटीची नोकरी केलीया,’ शेवंता ती बरणी थोपटून शेठना म्हणाली. ‘हीच पायजे. सहाशे, आन् वर पन्नास फुटतुटीला. खोक्यात पुठ्ठ्याचे खन पायजेत, बरन्या एकमेकींना लागाय नगं.’

मला सुचले असते असे यातले काहीही नव्हते. मी मोजपट्टी पिशवीत ढकलली.

बरण्या मोजून टेम्पोत चढू लागल्या. झाकणे मात्र वेगळी येतात, हे मला तिथेच कळले. नमुन्याच्या झाकणाला आतून पांढरा लेप होता. शेठ म्हणाले, ‘तो माल संपला हो. पंधरा दिवस लागतील. ही न्या ना, माप तेच, चकाकी जास्त, आणि स्वस्त पडतील.’

शेवंताने नवे झाकण लावून पाहिले. पिळले, उलटे केले, झटकले. थेंबही आला नाही. ‘पैसं बी वाचत्याल,’ ती मुनीरभाईंना म्हणाली आणि खूश झाली.

मी झाकणांच्या खोक्याशेजारी उभी होते. दुसरे करण्यासारखे काही नव्हते म्हणून खोक्यावरचे छापील वाचत होते. कंपनीचे नाव, पत्ता, आणि त्याखाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ: फक्त कोरड्या पदार्थांसाठी; तेल, मीठ आणि आंबट यांसाठी वापरू नये. मी एक झाकण उलटे करून पाहिले. आत उघडा पत्रा आणि पुठ्ठ्याची पातळ चकती. मीठ आणि आंबट पत्र्याला महिन्या-दोन महिन्यांत खाते. झाकण गंजते, लोणचे काळे पडते. चार दिवसांच्या एसटीत हे कळणारे नव्हते. तिथे ते वाचू शकणारी मी एकटी होते.

तेवढ्यात शेवंताने विचारले, ‘ताई, काय लिव्हलंय वो त्या खोक्यावर?’

‘कंपनीचं नाव आणि पत्ता,’ मी म्हणाले.

तेही लिहिलेले होतेच.

तिने मान हलवली आणि शेठपुढे पैसे ठेवले.

तिथून भोर. लेबले तिथल्या छापखान्यात तयार होती. टेम्पोच्या पुढच्या सीटवर आम्ही तिघे दाटीवाटीने बसलो आणि मागे काच किणकिणत होती. भोरला पोचेपर्यंत मी स्वतःला समजावत होते की शेठ अनुभवी आहेत, त्या ओळी सगळेच छापतात, आणि शेवंता काही कुकुलं बाळ नाही. छापखान्यातल्या माणसाने लेबलांचा गठ्ठा पुढे केला. मी चष्मा लावून एकेक अक्षर तपासले, वेलांटी, उकार, पत्ता, सगळे. चूक एकही नव्हती. मधोमध लाल अक्षरांत छापले होते: शेवंताबाईंचे करवंद लोणचे.

या लोणच्याचा मसाला आमच्या सासूबाईंचा. त्यांनी तो आम्हा दोघींना एकाच पाटावर बसवून शिकवला होता. मी पुण्याला गेले आणि लिंबाकडे वळले. ती गावी राहिली आणि करवंदांना धरून राहिली. नाव लागायचे तर सासूबाईंचे लागायला हवे होते, असे मला त्या क्षणी फार तीव्रतेने वाटले. खरे सांगायचे तर माझे लागले असते तर मी सासूबाईंचे नाव काढले नसते.

मुनीरभाईंच्या ओळखीच्या खाणावळीत जेवलो. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, खर्डा (हिरव्या मिरचीचा रगडलेला ठेचा) आणि ताक. खर्डा इतका तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आले.

‘काय वो ताई, जेवान जाईना?’ शेवंता म्हणाली. तिने आपल्या ताटातला गूळ माझ्या ताटात ठेवला. ‘बाटलीचं मनावर घेतलं व्हय? मला मेलीला बोलायची अक्कल न्हाई. चारचौघांत बोलाया नगं व्हतं.’

ती माफी मागत होती आणि मी तिचा गूळ खात होते. सांगायला यापेक्षा सोपी वेळ मिळाली नसती. मी पाणी प्यायले आणि उन्हाबद्दल बोलले.

चेलाडीवरून आत वळलो की नसरापूरनंतर रस्ता गुंजवणीच्या खोऱ्यात शिरतो. तोरणा आधी डोंगरांमागे लपलेला असतो, मग मार्गासनीच्या पुढे एकदम सगळी बाजू अडवून उभा राहतो. मी नवी नवरी म्हणून या रस्त्याने बैलगाडीतून आले होते. आता डांबर आहे, शेतघरांच्या पाट्या आहेत, पण किल्ला तसाच दिसतो. शेवंता मुनीरभाईंना कुठल्या जाळीला (करवंदीचे काटेरी झुडूप) किती फळ आले ते सांगत होती. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत काट्यांचे ओरखडे होते, काही अजून ओले. सातही बायकांचे हात तसेच असणार.

घरी पोचताच त्या सहाजणी अंगणात जमल्या. रांगेने हातोहात बरण्या उतरवल्या. झाकणे पाहून तर एकीने आरसाच केला. ‘अगं, तोंड दिसतंय ह्यात!’ मुनीरभाई चहा घेऊन भोरला परतले. बरण्या धुतल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या, कापडावर पालथ्या घातल्या. मी सहाशे लेबलांचे पन्नासाचे गठ्ठे करून दिले. सगळ्यांनी माझ्या टापटिपीचे कौतुक केले.

सकाळी भरायला सुरुवात झाली. ओसरीवर चिनी मातीच्या तीन बरण्या, कमरेएवढ्या. शेवंताने पळीने पहिली काचेची बरणी भरली, वर बोटभर तेल सोडले, तोंड कोरड्या फडक्याने पुसले आणि ती माझ्यापुढे ठेवली.

‘पैली बरनी सानिका-यशला. झाकान तुमी लावा, ताई.’

झाकण माझ्या हातात होते. तुम्ही बोट घालून खाता, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

‘हे झाकण चालणार नाही,’ मी म्हणाले. ‘गंजेल. खोक्यावर लिहिलंय. फक्त कोरड्या वस्तूंसाठी आहे. तेल-मिठासाठी नाही.’

पळ्या थांबल्या. शेवंताने झाकण माझ्या हातातून घेतले, आतून नखाने खरवडले आणि पत्रा पाहिला. मग माझ्याकडे पाहिले.

‘हे कवा वाचलंसा?’

मला खोटे बोलता आले असते. आताच वाचले म्हणता आले असते.

‘काल,’ मी म्हणाले. ‘गोदामात.’

‘मी इचारलं तवा?’

‘हो.’

गटातली सगळ्यात म्हातारी, गंगूमावशी, भिंतीला टेकून बसली होती. ती सावकाश म्हणाली, ‘आमाला वाचाया येत न्हाई, बाई. म्हनून तर तुमाला धाडलं.’

शेवंता ओरडली असती तर बरे झाले असते. ती उठली, भरलेल्या बरणीवर ताटली झाकली आणि झाकणांची खोकी सुतळीने बांधायला घेतली. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, ‘नवाला येसटी हाय. झाकनं तुमी आनली तशी तुमीच बदलून आना. एकल्या जावा.’

मी गेले. एकाहत्तराव्या वर्षी दोन खोकी घेऊन चेलाडीला उतरले, दुसरी गाडी पकडली आणि साडेअकराला सारोळ्याला त्याच टेबलापुढे उभी राहिले.

‘काकू, सगळे हीच नेतात,’ शेठ म्हणाले.

मी त्यांना ती ओळ आधी इंग्रजीत आणि मग मराठीत वाचून दाखवली. ‘नमुन्याला एक आणि मालाला दुसरं, असं तुमच्या मुलीच्या परीक्षेत चालेल का?’

हे वाक्य मला शेवंतामुळे सुचले, हे माझ्या लक्षात आले आणि तेवढ्या घाईतही मला ते टोचले. शेठ थोडे खजील झाले. झाकणे परत घेतली. पांढऱ्या लेपाची मात्र त्यांच्याकडे खरेच नव्हती. त्यांनी पुलापलीकडे शिरवळला एका ओळखीच्या व्यापाऱ्याला फोन लावला. मी रिक्षाने नीरा ओलांडली. तिथे एकेक पुडा फोडायला लावला, प्रत्येक पुड्यातले झाकण उलटे करून पाहिले आणि खोक्यावरचे सगळे, अगदी सगळे, वाचले. वरचे पैसे मी माझे दिले. ती फार मोठी गोष्ट नाही. गटाचे गेले नाहीत, एवढेच.

परत वेल्ह्याच्या गाडीत बसले तेव्हा चार वाजले होते. खोकी मांडीवर होती. चेलाडीला एकदा वाटले की ती कंडक्टरच्या हवाली करावीत आणि उलट्या गाडीने पुण्याला निघून जावे. कंडक्टर नेणाराच होता. मी सीट सोडली नाही.

गावात पोचले तेव्हा बायका अजून ओसरीवरच होत्या. दिवसभरात सगळ्या बरण्या भरून ताटल्या, वाट्या, फडकी, जे मिळेल त्याने झाकून ठेवल्या होत्या. गंगूमावशीने सरकून मला जागा दिली. दिवेलागणीनंतरही बराच वेळ मी झाकणे लावली, सहाशे. शेवंता लेबल लावत होती. ती माझ्याशी फक्त कामापुरते बोलली: घट्ट करा, पुसा, पुढची घ्या. तिचे नाव मी त्या दिवशी सहाशे वेळा वाचले.

दुसऱ्या दिवशी तिने मला एसटीपर्यंत पोचवले. तुमची बरणी माझ्या पिशवीत घातली, तांदळाची पिठी आणि हातसडीचे तांदूळ दिले. गाडी वळून येईपर्यंत आम्ही दोघी तोरण्याकडे पाहत होतो.

‘हेवा वाटला मला,’ मी म्हणाले. ‘मुलं तुझं लोणचं मागतात.’

‘तुमी हापिसरीनवानी चष्मा लावून वाचत बसायच्या, तवा मला बी वाटायचा,’ ती म्हणाली. ‘पन मी तुमचं पुस्तक कदी चुलीत न्हाई घातलं.’

गाडी आली. मी चढले.

मुलांनो, प्रवासाला गेलेले माणूस नवीन काही पाहून आलेले असते. मी सारोळे, भोर, वेल्हे पन्नास वर्षे पाहते आहे. नवे पाहिले ते स्वतःचेच. तुमच्यासाठी ती बरणी पुढे केली नसती तर मी बोलले असते का, याचे उत्तर मला अजून देता येत नाही. आणि हेवा गेला म्हणाल तर तोही गेलेला नाही. तुमची बरणी मी काल पार्सलने पाठवली तेव्हा तिच्यासोबत लिंबाचेही घालावे असे वाटले. घातले नाही, पण वाटले.

माल दुकानात पोचला आहे. शेवंता आता काही नवे आणायचे झाले की खोक्याचा, पिशवीचा, पावतीचा फोटो मला मोबाईलवर पाठवते आणि मग फोन करते. मी ताबडतोब वाचून सांगते, एक अक्षर न गाळता. ती शांतपणे ऐकून घेते. पूर्वी ती एवढ्यावर ‘बरं’ म्हणून फोन ठेवायची. आता ठेवत नाही. थोडी थांबते आणि दर वेळी विचारते, ‘समदं वाचलं न्हवं, ताई?’